धाकटीचं कुलूप

“तिला इकडे दे आणि तू दोन घास खाऊन घे,” केळुसकर सर म्हणाले.

मी मिहिकाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तीन महिन्यांची होती ती. सही न घेताच कुणी हातात पार्सल कोंबावं, तसं त्यांनी तिला धरलं. सर आमच्या घरी पहिल्यांदाच आले होते. बारशाला जमलं नाही म्हणून आता झबलं-टोपडं आणि सफरचंदं घेऊन. आईनं त्यांच्यापुढे पोहे ठेवले, मला ताट वाढलं. मी भाकरी मोडली खरी, पण सर काही झबलं द्यायला आलेले नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“शलाका, आकडा सांग,” ते म्हणाले. आवाज खाली, नजर मुलीकडे.

“नाही सर.”

“मी कुणाला सांगणार नाही.”

“तुम्हालाच सांगायचा नाहीये तो. नियम तुम्हीच केलाय.”

“मी केलाय, म्हणूनच मला मोडता येतो.”

आईला हसू आलं. मला नाही.

याला आता सहा वर्षं झाली. मिहिका पहिलीत जाते. पण तो आकडा काय होता, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आमचा तिघांचा गट एका दीर्घिकेवर काम करत होता. गटाचे प्रमुख केळुसकर सर, रेडिओ दुर्बिणीची मोजणी साफसूफ करणारा तौफिक मुलाणी आणि मी. त्या दीर्घिकेचं अधिकृत नाव म्हणजे अकरा आकड्यांची माळ, म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणायचो. लहानशी, फिकट, विरळ ताऱ्यांची. दीर्घिकेच्या कडेला असलेला वायू तिच्या मध्याभोवती फिरत असतो. तो किती वेगानं फिरतो यावरून आत एकूण किती वस्तुमान आहे ते काढता येतं. आजवर मोजलेल्या जवळजवळ प्रत्येक दीर्घिकेत हा वेग अपेक्षेपेक्षा जास्तच निघालाय. म्हणजे दिसणाऱ्या तारे-वायूखेरीज आत आणखी पुष्कळ काही आहे. ते प्रकाश देत नाही, अडवतही नाही. कृष्णद्रव्य हे त्याचं नाव, पण ते आहे काय, हे कुणालाच माहीत नाही.

सरांचं म्हणणं, धाकटीत ते नाहीच. तिच्यात जेवढं दिसतं तेवढंच असेल, तर कडेचा वेग सेकंदाला अठ्ठावीस किलोमीटर यायला हवा. तेवढाच आला तर सर खरे, जास्त आला तर धाकटी चारचौघींसारखी. वीस वर्षं सर त्या अठ्ठावीसच्या मागे होते. तीन वर्षांत निवृत्त होणार होते.

आता मोजणाऱ्याला अमुक एक उत्तर हवं असलं की तो नकळत तिकडे कलतो. त्यात लबाडी नसते. नको ते उत्तर आलं की माणूस चुका शोधत बसतो, हवं ते आलं की शोधायचं थांबतो, एवढंच. त्यावर आमच्याकडे कुलूप होतं. एकानं मोजलेले सगळे वेग एका गुप्त आकड्यानं गुणून ठेवायचे. तो आकडा ०.७० ते १.४० यांच्यामधला कुठलाही. बाकीच्यांनी त्या गुणलेल्या, खोट्या वेगांवर काम करायचं. कुठल्या दिवसाची मोजणी धरायची, कुठली टाकायची, सगळं ठरवून कागदावर सह्या करायच्या. मग सगळ्यांदेखत पाकीट फोडायचं, त्यातल्या आकड्यानं भागायचं, आणि जे येईल ते मुकाट छापायचं. कुलूप ज्याच्याकडे त्यानं मधल्या काळात कुठल्याही निर्णयात तोंड घालायचं नाही, कारण त्याला उत्तर दिसत असतं.

कुलूप माझ्याकडे आलं ते मी बाळंतपणाच्या रजेवर होते म्हणून. “घरबसल्या होण्यासारखं आहे,” सर तेव्हा म्हणाले होते. मूळ मोजणीची डिस्क आमच्या कपाटात दुपट्यांच्या चवडीखाली होती.

“मे महिन्यात परिषद आहे,” सर आता म्हणत होते. “गोषवारा पंधरा दिवसांत पाठवायचाय. त्यात ‘नाही’ लिहू की ‘मोजतो आहोत’ लिहू, एवढंच कळू दे मला. आकडाही नको. नुसती मान हलव.”

“मानही नाही.”

“तुझी नेमणूक मार्चअखेर संपते.”

“हो.”

“पुढच्या तीन वर्षांसाठी माझं पत्र जावं लागेल. काय लिहू त्यात? सहा महिने रजेवर होती?”

“कुलूप सांभाळलं असं लिहा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि पोह्यांचा चमचा खाली ठेवला. मिहिकानं त्यांच्या शर्टावर दूध ओकलं. आई नॅपकिन घेऊन धावली.

“सर, मला एक सांगा,” शर्ट पुसता पुसता ती म्हणाली. “ते काळं जे काय आहे, ते दिसत नाही ना?”

“नाही दिसत.”

“आणि तुम्ही बघताय की ते तिथे नाहीये.”

“बरोबर.”

“म्हणजे जे दिसत नाही, ते तिथे नाहीये, हे बघायला एवढी मोठी दुर्बीण.”

सर खळखळून हसले. मला ते त्या क्षणी आवडलेसुद्धा. माणूस वाईट नव्हताच.

निघताना चपला घालत त्यांनी आईला विचारलं, “ताई, पत्रिका केलीत का हिची?”

“करायचीय अजून.”

“माझी बहीण करते. छंद आहे तिला. जन्मवेळ काय?”

“दुपारी एक वाजून बत्तीस मिनिटं,” आई म्हणाली. “सेकंदसुद्धा सांगते. मी घड्याळाखालीच उभी होते.”

मला गंमत वाटली. हेच सर कॅन्टीनमध्ये शनी-मंगळावरून लोकांची टर उडवायचे. म्हटलं, पोर मांडीवर आलं की माणूस मवाळ होतो.

*

मी डिसेंबरात रुजू झाले. संस्थेत मिहिकासाठी दूध काढून ठेवायला जागा नव्हती. जुने रिसीव्हर ठेवायच्या खोलीची किल्ली मागितली तर मागणी-अर्ज भरायला लावला, ‘कारण’ या रकान्यासकट. मी कारण स्वच्छ अक्षरात लिहिलं. किल्ली त्याच दिवशी मिळाली.

सरांनी परत आकडा विचारला नाही. उलट फार गोड वागायला लागले. माझं मुदतवाढीचं पत्र तयार आहे, सही तेवढी राहिलीय, असं स्वतःहून म्हणाले. मला बरं वाटलं. घराचं भाडं, मिहिकाला सांभाळायला येणाऱ्या बाई, सगळं त्या सहीवर होतं.

तौफिक मात्र अस्वस्थ होता. सोलापूरचा माणूस, मनात आलं की बोलून मोकळा होणारा. एका दुपारी तो त्या खोलीबाहेर उभा राहून दारातूनच म्हणाला, “आवरलं की बाहेर ये. भांडायचंय.”

मी बाहेर आले.

“सरांनी सप्टेंबरचे तीन दिवस टाकायला लावलेत,” तो म्हणाला. “म्हणे शेजारच्या शीतगृहाचा जनरेटर चालू होता, दुर्बिणीच्या तबकड्यांमध्ये त्याचा गोंगाट आलाय. मी तिथल्या माणसाला फोन केला. जनरेटर त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता.”

“मग?”

“सरांना सांगितलं. म्हणाले, मग दुसरं काहीतरी असेल. असेल म्हणजे? मला गोंगाट दिसत नाही, त्यांना ऐकू येतोय.” तो थांबला. “ते तीन दिवस धरले तर गुणलेला वेग एकोणचाळीस येतो. टाकले की सदतीस. आणि सदतीस आल्यापासून सर शीळ घालतायत. शलाका, खरं सांग. तू आकडा सांगितलास त्यांना?”

“नाही.”

“मग ते असे का वागतायत? माहीत असल्यासारखे.”

“मला नाही माहीत.”

“बरं,” तो म्हणाला, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. तीन वर्षं आम्ही एकाच टेबलावर काम केलं होतं. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं काही न बोलता एक कागद माझ्यापुढे सरकवला. सरांनी वर्तमानपत्रांसाठी लिहून ठेवलेला मजकूर होता तो. प्रिंटरवर राहिला होता. ‘कृष्णद्रव्य नसलेली दीर्घिका’ असा मथळा, आणि तिसऱ्या ओळीत, कडेच्या वायूचा वेग सेकंदाला अठ्ठावीस किलोमीटर.

कुलूप उघडायला अजून नऊ दिवस होते.

कागद घेऊन मी त्या खोलीत गेले. पंप लावला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातानं कागदाच्या मागे भागाकार केला. सदतीस भागिले अठ्ठावीस. एक पॉइंट बत्तीस.

एक बत्तीस, मिहिकाची जन्मवेळ. मला पोटातून हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग भयंकर संताप.

मी आकडा कसा काढला होता, ते सांगते. मिहिका अकरा दिवसांची होती, सतरंजीवर उताणी पडून पंख्याकडे बघत होती. मी एका कागदावर सहा-सहाच्या ओळींत छत्तीस आकडे लिहिले, ०.७० पासून दोन-दोन शतांशांनी वाढवत १.४० पर्यंत, आणि भाच्याच्या सापशिडीतला फासा दोनदा टाकला. पहिल्यांदा दोन, दुसऱ्यांदाही दोन. दुसऱ्या ओळीतला दुसरा आकडा, ०.८४. फासा मुद्दाम घेतला होता. मला माहीत होतं, त्या दिवसांत मला स्वतःला आकडा निवडायला सांगितला, तर मी तिचंच काहीतरी घेईन. वजन, तारीख, वेळ. म्हणून निवड माझ्या हातात ठेवलीच नव्हती. कामात मी काम बघितलं होतं. आणि माझ्याकडून ही अपेक्षाच कुणी केली नव्हती. बाई बाळंतीण आहे, म्हणजे आकडा बाळाचाच असणार. एवढ्यावर सरांनी वीस वर्षांचं काम बेतलं होतं. भागून बघितलं, साधारण हवं तसं आलं, पुरतं हवं तसं यावं म्हणून तीन दिवस टाकले, आणि मग शोधायचं थांबले.

आता मी काय करायचं?

गप्प बसले असते तर नऊ दिवसांनी पाकीट फुटलं असतं आणि सर सगळ्यांदेखत आपटले असते. मनातून मला ते बघायलाही आवडलं असतं. पण चांगले तीन दिवस गेले ते गेलेच असते, कारण सह्या झाल्यावर काहीच बदलायचं नाही. आणि सरांना जाऊन “हा आकडा नाही” असं सांगितलं असतं, तर ती माहितीच झाली असती. त्यांनी मग ते तीन दिवस परत घेतले असते आणि दुसरे कुठले टाकले असते. तौफिकलाही सांगता येत नव्हतं. त्यानं विचारलंच, “त्यांना सापडलाय ना आकडा?”

“त्यावर मी काही बोलणार नाही.”

“म्हणजे सापडलाय.”

“तौफिक, मी काही बोलणार नाही म्हणजे काहीच बोलणार नाही.”

तो उठून गेला. दुपारचा डबाही माझ्याबरोबर खाल्ला नाही.

*

कुलूप उघडायचा कार्यक्रम सकाळी अकराला होता. सभागृहात चाळीसएक माणसं. पुढच्या रांगेत संचालक, डॉ. गोडांबे मॅडम. मागे पेढ्यांचे खोके. सरांनी नवीन कोट घातला होता. सह्यांचा कागद फिरत फिरत तौफिककडे आला. त्यानं पेन हातात धरून ठेवलं.

“पाकीट,” सर म्हणाले आणि हात पुढे केला.

मी उभी राहिले. पाकीट माझ्या हातात होतं.

“हे आज उघडता येणार नाही,” मी म्हणाले.

कुणीतरी खुर्ची सरकवली. सर हसत म्हणाले, “का? बाळानं चावलं का?”

हशा पिकला. तो संपेपर्यंत मी थांबले.

“कुलूप ज्याच्याकडे त्यानं बोलायचं नसतं. मी नियम मोडतेय, हे मला माहीत आहे. पण सरांना वाटतंय की आकडा त्यांना कळलाय, आणि तो मनात धरून त्यांनी सप्टेंबरचे तीन दिवस टाकलेत. त्या दिवसांत दोष असल्याचा पुरावा नाही. तौफिकनं शोधून बघितलंय.”

मॅडमनी तौफिककडे बघितलं. “खरंय?”

“खरंय मॅडम,” तो म्हणाला. “जनरेटर तिथे नव्हताच.”

“केळुसकर, तुम्हाला आकडा माहीत आहे?”

“मला कुणी सांगितलेला नाही,” सर म्हणाले.

“हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.”

 सर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला आणि तोच मला सगळ्यात जास्त झोंबला. “शलाका, यात लाजण्यासारखं काय आहे? कुठलीही आई हेच करेल. पहिलं बाळ आहे. तू तिची वेळ कुलपात ठेवलीस, मी ओळखली. चूक झाली असेल तर दोघांची झाली. आता अडवून काय मिळणार?”

चाळीस माणसं माझ्याकडे कौतुकानं, कीव करत बघत होती. तीन शब्दांत मला मोकळं होता आलं असतं. ‘हा आकडा नाही,’ बस. ते तीन शब्द अगदी ओठांवर आले.

“तुम्ही ओळखलेला आकडा बरोबर आहे की चूक, हे मी सांगणार नाही,” मी म्हणाले.

“चूक असेल तर मग बिघडलं काय?” मॅडमनी विचारलं. “पाकीट फोडल्यावर खरं बाहेर येईलच.”

“खरं नाही येणार मॅडम. तीन दिवस कमी असलेलं येईल. ते दिवस उत्तराकडे बघून टाकलेत. उत्तर बरोबर होतं की काल्पनिक, यानं काय फरक पडतो? कुलूप तुटलंय. हे रद्द करा. ते तीन दिवस परत घ्या, आमच्या गटाबाहेरच्या कुणाकडून तरी नवीन आकड्यानं कुलूप लावून घ्या, आणि पहिल्यापासून सगळं ठरवा.”

“चार महिने जातील,” सर म्हणाले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता. “परिषद जाईल. आणि मार्चनंतर तू इथे नसशील. माझी सही अजून झालेली नाही.”

“माहीत आहे मला.”

“कळतंय ना काय बोलतेयस ते?”

“कळतंय. पाकीट मी मॅडमकडे देते. नवीन कुलूप उघडेपर्यंत हे कुणी फोडायचं नाही.”

मी पुढे जाऊन पाकीट मॅडमच्या हातात दिलं.  तौफिकनं सह्यांचा कागद मधोमध फाडला आणि खिशात टाकला. पेढे मात्र वाटले गेले. आणलेच होते, आणि लोक रांगेत उभे होते.

*

सरांनी सही केली नाही. एकतीस मार्चला मी रिसीव्हरच्या खोलीची किल्ली परत केली. पुढची दोन वर्षं एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घेतली. आईनं एकदाच विचारलं, “सांगितला असतास तर काय झालं असतं गं?” मी म्हटलं, “काही नाही. म्हणून तर सांगितला नाही.” ती म्हणाली, “तुझ्या बापासारखं बोलू नकोस, भाजी निवड.”

नवीन कुलूप ऑगस्टमध्ये उघडलं. ते कार्यशाळेतल्या बर्वेबाईंकडे होतं. त्यांना दीर्घिकेतलं काही कळत नव्हतं आणि त्या कुणालाच दाद देणाऱ्या नव्हत्या. मॅडमनी मला बोलावून घेतलं. मिहिका कडेवर होती, वर्षाची. या वेळी पेढे नव्हते. बर्वेबाईंनी आकडा वाचला, तौफिकनं भागलं आणि फळ्यावर लिहिलं. शेहेचाळीस.

अठ्ठावीसच्या किती पुढे. धाकटी इतरांसारखीच होती. तिच्यात ते होतंच, भरपूर होतं, आणि ते काय आहे हे आदल्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढंच त्याही दिवशी.

मग मॅडमनी माझं जुनं पाकीट फोडलं. “पॉइंट चौऱ्याऐंशी,” त्यांनी वाचलं. सरांनी खिशातून पेन काढून तळहातावरच भागाकार केला. एकोणचाळीस भागिले ०.८४. तेही शेहेचाळीस. 

जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“तुला तेव्हा माहीत होतं की मी चुकलोय.”

“हो.”

“पाकीट फोडू दिलं असतंस तर सगळ्यांसमोर माझं हसं झालं असतं. वाचवलंस मला.”

“तुम्हाला वाचवायला नाही केलं सर. तुमचा आकडा बरोबर असता तरी मी हेच केलं असतं.”

त्यांनी मान हलवली. मिहिकानं त्यांच्या पेनाला हात घातला, त्यांनी तिला ते दिलं.

हिवाळ्यात त्यांनी लेखाचा मसुदा पाठवला. माझं नाव शेवटी, आभारांत होतं, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल’. मी ते कापून परत पाठवलं आणि कळवलं, की आभार नकोत. पहिलं कुलूप का रद्द झालं, ते पद्धतीच्या भागात एका वाक्यात लिहा आणि माझं नाव लेखकांत घाला. नाहीतर मला पूर्ण वगळा.

आठवडाभर उत्तर नाही. मग एका संध्याकाळी फोन आला. मिहिकाला भरवत होते, स्पीकर लावला.

“वाक्य लिहिलंय,” सर म्हणाले. “वाचतो. ‘पहिलं कुलूप सांभाळणाऱ्या लेखिकेनं, गटप्रमुखानं आकड्याचा अंदाज बांधून मोजणी निवडल्याच्या कारणावरून, ते उघडण्यास नकार दिला.’ गटप्रमुख म्हणजे मी. ते मी तसंच ठेवलंय.”

“बरोबर आहे.”

“फक्त तो ‘नकार’ जरा कडक वाटतो. संपादक म्हणतायत, ‘असमर्थता दर्शवली’ करू या का?”

मी मिहिकाच्या हनुवटीवरचा वरण-भात पुसला.

“मी समर्थ होते सर,” मी म्हणाले. “नकारच राहू दे.”